मदत हवी आहे: मे महिन्यात सार पासला ओल्या बर्फाचा धोका जागेवर कसा ओळखायचा?

नमस्कार. मी ठाण्यात वर्तकनगरला राहते. आमचा आठ जणांचा गट दर रविवारी येऊरला जातो, हिवाळ्यात माहुली, गोरखगड होतात. येत्या मे महिन्यात हिमाचलमधल्या कसोलहून सार पासला (साधारण १३,८०० फूट) जायचं ठरलंय. सोबत माझी धाकटी जाऊ आणि तिचा सतरा वर्षांचा मुलगा आहे, म्हणून सविस्तर विचारते.

मागच्या मे महिन्यात मी याच वाटेवर होते. नगारूच्या मुक्कामावरून पहाटे तीनला निघायचं होतं, पण आयोजकांच्या गोंधळात साडेसहा वाजले. रात्रभर आभाळ भरलेलं होतं. साडेदहाच्या सुमारास, उतार आडवा कापत जाणाऱ्या वाटेवर पाय आधी घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत रुतायला लागला. वर खडकांपाशी सुपारीएवढे बर्फाचे गोळे सुटत होते आणि घरंगळत खाली येईपर्यंत नारळाएवढे होत होते. मुलं त्यांचे फोटो काढत होती. मग आमच्या मागचा एक पट्टा ओल्या सिमेंटसारखा सरकत खाली गेला. कुणाला काही झालं नाही, पण तिथून आम्ही पाचच मिनिटांपूर्वी आलो होतो. अजून रात्री ते आठवून जाग येते.

पावसात माळशेजला दरड कुठे कोसळेल, हे सह्याद्रीत फिरणाऱ्याच्या नजरेला थोडंफार कळतं. बर्फाच्या बाबतीत माझी नजर कोरी आहे. रात्री बर्फ नीट गोठला की नाही, हे पहाटे अंधारात कसं ओळखायचं? आणि मागे फिरायची ठरावीक वेळ असते का?

प्रतिसाद १
ताई, मी खारघरचा. गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स केलाय, तेवढ्यावरून सांगतो. दरडीचं उदाहरण तुम्ही अगदी बरोबर दिलंत. वितळलेलं पाणी आत झिरपतं, बर्फाच्या कणांची एकमेकांवरची पकड सुटते आणि थर स्वतःच्याच वजनाने खाली येतो. रात्री गोठला की तीच पकड परत बसते.

निरभ्र रात्री बर्फातली उष्णता आकाशात निघून जाते, त्यामुळे हवा शून्याच्या थोडी वर असली तरी पृष्ठभाग गोठतो. ढग असले की ही उष्णता अडकते. म्हणून रात्री दोन-तीनदा तंबूबाहेर डोकावा. चांदण्या दिसतात का बघा. पहाटे टाच जोरात आपटा: टणक लागलं, आत गेली नाही तर ठीक. वर बोटभर पापुद्रा आणि खाली रबडी असेल तर त्या दिवशी जाऊ नका, पैसे भरलेले असले तरी.

घड्याळापेक्षा पाय बघा. घोट्यापर्यंत रुतायला लागलं की तीव्र उतारावरून बाहेर पडायची वेळ झाली. गुडघ्यापर्यंत म्हणजे उशीर झालाच. तुम्ही पाहिलेले गोळे हाच इशारा असतो. खडक लवकर तापतात, म्हणून सुरुवात बहुधा त्यांच्यापाशी होते. पूर्वेच्या उतारांवर ऊन आधी येतं, मग दक्षिणेच्या, दुपारी पश्चिमेच्या. आदल्या दिवशी नवा बर्फ पडला असेल तर त्यानंतरचं पहिलं कडक ऊन फार वाईट.

ओला बर्फ कोरड्यापेक्षा हळू येतो, पण जड असतो आणि थांबला की काँक्रीटसारखा घट्ट बसतो. हाताने उकरून माणूस निघत नाही.

प्रतिसाद २
चंदीगडची डीजीआरई ही संरक्षण खात्याची संस्था हिमस्खलनाचे इशारे देते, ते निघण्याआधी जरूर बघा. पण इशारा मोठ्या प्रदेशाचा असतो, तुमच्या समोरच्या उताराचा नाही. ४ एप्रिल २०२३ ला नाथू ला रस्त्यावर हिमस्खलनात ७ पर्यटक गेले. ती गाड्यांची, नेहमीच्या वर्दळीची वाट होती.

मूळ लेखिका
दोघांचेही मनापासून आभार. टाच आपटून बघणं इतकं सोपं आहे, तेव्हा कुणी सांगितलं असतं तर! पहाटे तीनला निघणार का, हे आयोजकांकडून आजच लेखी मागते. एक राहिलं: तीव्र उतार म्हणजे किती? फोनवर मोजता येतो का?

प्रतिसाद १
येतो. काठी उताराच्या दिशेने, वरून खाली अशी बर्फावर टेकवा, तिच्यावर फोनची कड ठेवा आणि कोन मोजणारं ॲप उघडा. ३० अंशांच्या वर सावध, बहुतेक हिमस्खलनं ३० ते ४५ मध्ये सुटतात. मात्र तुम्ही सपाटीवर असलात तरी डोक्यावर तसा उतार असेल तर तोही धोक्यात धरा. येऊरच्या वाटेवर पुतण्याला आत्ताच सराव द्या.