ईएसआयचा (कामगार विम्याचा) बेकारी भत्त्याचा अर्ज नामंजूर, आता काय? (सोलापूर) – मदत हवी आहे

धोटा_७२
टॉवेलचा कारखाना ३१ मार्चपासून बंद. अटल विमित व्यक्ती कल्याण योजनेचा अर्ज भरला, नामंजूर आला. अंशदानाची (विम्याच्या वर्गणीची) अट पूर्ण नाही म्हणे. अओ, पाच वर्षं ईएसआय कापतात की पगारातनं! पीएफ पण अडकलाय. रेशन कार्ड केशरी, धान्य नाही. आणि कुठं अर्ज करता येतो ते सांगा, जरा लवकर. जूनला पोरांच्या शाळा आहेत.

शेंगाचटणी
बांधकाम कामगार मंडळात नोंदणी करून टाका. भांड्यांचा संच मिळतो, पोरांना शिष्यवृत्ती मिळते.

जुना_हिशेबनीस
त्याला ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. टॉवेल-चादरीच्या माणसाला तो कोण देणार? पैसे घेऊन देणारे आहेत, पण चौकशीत अडकतो अर्जदारच.
धोटा, मुख्य गोष्ट तुम्ही सांगितलीच नाही. पगार महिन्याचा की नगावर? ईएसआयला महिन्याचे किती दिवस दाखवलेत?

धोटा_७२
नगावर. १४ हजारांच्या आसपास पडतात. दिवस कुठं बघायचे?

जुना_हिशेबनीस
ईएसआयच्या पोर्टलवर १० आकडी विमा क्रमांकानं लॉगिन करा, अंशदानाचा तपशील उघडा. दर महिन्यापुढं दिवस आणि मजुरी दिसेल. त्यांचे सहामाही दोनच: एप्रिल ते सप्टेंबर, ऑक्टोबर ते मार्च. बेकार व्हायच्या लगेच आधीच्या सहामाहीत किमान ७८ दिवस लागतात, शिवाय त्याआधीच्या तीनपैकी एकीत ७८. नोकरी दोन वर्षांची हवी. महिन्याला १३ दिवस दाखवले तर बरोबर ७८ होतात, १२ दाखवले तर ७२. आपल्याकडं नगावरच्या माणसाचे बारा-तेराच दाखवायची खोड आहे, घोळ तिथंच असणार.

वाट_बघतोय
इतकं कशाला? सरकार बेकारांना महिना ५ हजार देतंय, ग्रुपवर फॉर्म फिरतोय. लिंक टाकू का?

पूर्वभाग_कट्टा
नका टाकू. तसा भत्ता महाराष्ट्रात नाही. सरकारच्या महास्वयम पोर्टलवर नाव नोंदवायला पैसे लागत नाहीत आणि नोंदवल्यावर पैसे मिळतही नाहीत, तिथं फक्त नोकऱ्या कळतात. त्या लिंकवर आधार आणि ओटीपी मागतात, पुढचं समजून घ्या.

कलम_२५
अटलच्या ९० दिवसांच्या भत्त्यामागं का लागलात? राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना बघा. कारखाना बंद पडला किंवा कामगार कपात झाली तर २४ महिने भत्ता, पहिले १२ महिने ५० टक्के, नंतर २५.

जुना_हिशेबनीस
त्याला कायद्यानं बंद झालेला कारखाना लागतो, साहेब. मालकानं 'माल उठत नाही, नंतर बोलावतो' म्हणून शटर ओढलं की ते बंद धरत नाहीत. लेखी नोटीस आहे का, ते आधी विचारा.

कलम_२५
नोटीस नसेल तर मागा! सहायक कामगार आयुक्तांकडं अर्ज करायचा.

जुना_हिशेबनीस
करायचाच. पण जूनची फी त्यावर भरता येत नाही.

धोटा_७२
नोटीस नाही. आकडे बघितले: ऑक्टोबर १२, नोव्हेंबर ११, डिसेंबर १३, जानेवारी १३, फेब्रुवारी १२, मार्च १३. मजुरी दर महिन्याला ७,२०० दाखवलीय. माझ्या हजेरी कार्डावर २५-२६ दिवस आहेत.

जुना_हिशेबनीस
बेरीज ७४. चार दिवसांनी हुकलं. आता पुढचा हिशेब बघा. भत्ता काढताना चार सहामाहींची दाखवलेली मजुरी ७३० नं भागतात, त्याच्या निम्मा रोज, जास्तीत जास्त ९० दिवस.
१४,००० नं २४ महिने: ३,३६,००० भागिले ७३०, म्हणजे ४६० रुपये. निम्मे २३०. एकूण साधारण २०,७१२.
७,२०० नं: १,७२,८०० भागिले ७३०, म्हणजे २३७. निम्मे ११८. एकूण साधारण १०,६५२.
म्हणून नुसते चार दिवस वाढवून घेऊ नका. हजेरी कार्डाच्या दोन्ही बाजूंची झेरॉक्स, मजुरी जमा झालेली पासबुकाची पानं आणि नामंजुरीची प्रत जोडून शाखा कार्यालयात लेखी अर्ज द्या: 'मालकाची नोंदवही तपासावी, राहिलेलं अंशदान भरून घ्यावं'. दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या. मालकाला मागाहून पूरक अंशदान भरता येतं. त्याला ते महाग पडतं, व्याज लागतं, म्हणून तो आढेवेढे घेणार. नामंजूर झाल्यानं तुमचा हक्क संपत नाही, आयुष्यात एकदाच मिळतात ते प्रत्यक्ष दिलेले ९० दिवस. योजना मुदतवाढीवर चालते, तेवढं खिडकीवर विचारून घ्या. आणि हो, शाखा कार्यालय वेगळं, दवाखाना वेगळा.

पूर्वभाग_कट्टा
पीएफचं: मालकानं नोकरी सोडल्याची तारीख टाकली नसेल तर शेवटच्या अंशदानानंतर दोन महिन्यांनी यूएएन पोर्टलवर स्वतः टाकता येते, आधारच्या ओटीपीनं. बेकार असाल तर ७५ टक्के उचल मिळते. नाव बघा. आपल्याकडं आधारवर आडनाव आधी आणि पीएफला शेवटी, असा गोंधळ फार. पाच वर्षांच्या आत पूर्ण रक्कम काढली आणि ती ५० हजारांवर गेली तर कर कापतात.

हुरडा_पार्टी
रोहयोवर जा, गावात काम मिळतं.

पूर्वभाग_कट्टा
ते शहरात नाही. धोटा, राहता कुठं?

धोटा_७२
रे नगर. रेशन कार्ड जुन्याच पत्त्यावर आहे, अशोक चौकाचं.

पूर्वभाग_कट्टा
हे आधी सांगायचं ना! रे नगर कुंभारीत, म्हणजे दक्षिण सोलापूर तालुका, ग्रामीण. रेशनचं धान्य मिळणाऱ्या प्राधान्य कुटुंबाची वार्षिक उत्पन्नाची मर्यादा शहरात ५९ हजार, तिथं ४४ हजार. पत्ता बदलला तर मर्यादा खाली येते. पण गेल्या वर्षीचं तुमचं उत्पन्न दीड लाखाच्या वर, त्यामुळं यंदा कुठल्याच पत्त्यावर बसत नाही. उत्पन्नाच्या दाखल्याचा खर्च वाचवा. हुरडा म्हणतो ते रोजगाराचं मात्र रे नगरातनं ग्रामपंचायतीत विचारता येईल.

शेंगाचटणी
मग संजय गांधी निराधार?

पूर्वभाग_कट्टा
निराधारांसाठी आहे ती. वर्षाला २१ हजारांच्या आत उत्पन्न लागतं.

कलम_२५
कुणी विचारलं नाही तरी सांगतो. पाच वर्षं भरली असतील तर ग्रॅच्युइटी (नोकरी सुटताना मालकानं द्यायची रक्कम) बसते: १४,००० गुणिले १५ भागिले २६ गुणिले ५, म्हणजे ४०,३८४. अटलच्या भत्त्यापेक्षा मोठी रक्कम. कारखान्यात १० माणसं असली की लागू. ग्रॅच्युइटीचा अर्ज भरून मालकाला द्या, पोच घ्या. आणि राजीनामा लिहून देऊ नका, कपातीची भरपाई जाते.

धोटा_७२
परवा ५ हजार उचल देताना एका कागदावर सही घेतली. वरचा अर्धा कागद कोरा होता.

कलम_२५
आजच स्पीड पोस्टानं पत्र टाका: 'अमुक तारखेला ५,००० उचल घेतली, राजीनामा दिलेला नाही, कामावर यायला तयार आहे.' पावती आणि पत्राची प्रत हजेरी कार्डासोबत ठेवा. कार्ड मूळ कुणाला देऊ नका, शाखेतही नाही.