काचेचे लॅम्पशेड घरी करायचे, तर शिशाचं सोल्डर घरात आणावं का?

शहापूरकर
आमच्या शेजारच्या वहिनी घरी रंगीत काचेचे लॅम्पशेड करतात. काम देखणं आहे, त्यात वादच नाही. माझा विरोध शिशाला आहे. काचेच्या प्रत्येक तुकड्याच्या कडेला तांब्याची चिकटपट्टी लावायची, तुकडे जोडून मांडायचे आणि सांधे सोल्डरने, म्हणजे सहज वितळणाऱ्या मिश्रधातूच्या तारेने, भरायचे, अशी ही पद्धत. 60/40 सोल्डर म्हणजे 60 टक्के कथील, 40 टक्के शिसं. घराच्या रंगात 90 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 90 भागांच्या) वर शिसं चालत नाही, 2017 पासून देशात तसा नियम लागू आहे. आणि इथे 40 टक्के शिशाची तार जेवणाच्या टेबलावर! मुलांच्या रक्तातल्या शिशाला सुरक्षित अशी पातळीच नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं आहे. घरात मूल असेल तर शिसं नको.

उद्यमबागवाला
काका, काळजी बरोबर, पण धोका नेमका कुठे आहे ते बघा की. शिसं 1749 अंशांना उकळतं, आपलं सोल्डरिंग चालतं 350 ते 400 वर. वर येणारा धूर फ्लक्सचा, म्हणजे सोल्डर धरावं म्हणून पट्टीला लावतात त्या रसायनाचा. तोही छातीला वाईट, म्हणून धूर बाहेर ओढणारा पंखा हवाच. शिसं पोटात जातं ते हातातून. काम करता करता चहा, खाणं बंद, नंतर साबणाने हात, कामाचे कपडे वेगळे, टेबल ओल्या फडक्याने पुसायचं. एवढी शिस्त असली की झालं.

60/40 ला लोक धरून आहेत ते उगाच नाही. 183 अंशांना मऊ पडतं, 190 च्या आसपास पूर्ण पातळ होतं आणि लगेच गोठतं. शेड घुमटासारखी, सगळे सांधे उतारावर, तिथे हाच गुण कामाला येतो. शिसंविरहित सोल्डर 220 च्या आसपास वितळतं. त्यासाठी तापलेल्या सोल्डरिंग आयर्नचं टोक जास्त वेळ टेकवलं की काच तडकते, नाहीतर पट्टीचा गोंद जळून ती सुटते.

खानापूरची ताई
मी शिसंविरहितच वापरते. उतारावर भरूच नये ना! वाळूच्या पाटीत शेड कलती रोवायची, जो सांधा भरायचा तो आडवा येईल अशी. तेवढा भरला की शेड फिरवायची, पुढचा सांधा. वेळ लागतो, तार महाग पडते, पण सांधा गोल, भरीव उठतो. मोरचूद लावून तांबूस करता येतो.

आणि शिस्तीचं म्हणाल भाऊ, तर जूनपासून आमच्याकडे जो पाऊस लागतो त्यात खिडकी उघडी ठेवता येत नाही. दमट हवेत तांब्याची पट्टी काळवंडते, सोल्डर धरत नाही, मग माणूस आणखी फ्लक्स फासतो. बंद खोलीत तोच धूर.

उद्यमबागवाला
पावसाचं म्हणणं मान्य, ताई. पण रंगीत काचेच्या दिव्यांसाठी नावाजलेल्या न्यूयॉर्कच्या टिफनी कारखान्यात तिथल्या कलाकार क्लारा ड्रिस्कॉलने विस्टेरियाच्या फुलवेलीचा दिवा रचला, जवळपास 2000 तुकड्यांचा. तिथेही सांध्यांत शिसंच होतं. शंभर वर्षांपूर्वीचे ते दिवे आजही शाबूत आहेत.

शहापूरकर
दिवे शाबूत आहेत, पण माझा प्रश्न घरातल्या मुलांचा आहे. तो कारखाना होता, तिथे रांगणारं मूल नव्हतं.

निपाणीकर
आमच्याकडे विड्या घरोघरी वळतात. पाळण्याशेजारी तंबाखूचं सूप. म्हणून घरात विषारी माल आणायला माझाही विरोध आहे. पण उद्या ‘शिसं सोडता येत नसेल तर घरात करूच नका’ असं काकांनी म्हणू नये. ज्या बाईला घर सोडून जाता येत नाही, तिच्या हाताला काम कुठून मिळणार? महाग तारेचा भार तिच्यावर का? तो शेडच्या किमतीत धरा, विकत घेणाऱ्याने सोसू दे.

उद्यमबागवाला
गिऱ्हाईक छापील प्लॅस्टिकच्या शेडशी भाव लावतं, निपाणीकर. आधीच काच महाग. तारेचे पैसे वाढवले तर ऑर्डर जाते. मूल नसलेल्या घरात, वेगळ्या खोलीत 60/40 वापरलं तर हरकत काय?

शहापूरकर
सुट्टीत नातवंडं येतात, शेजारची पोरं दिवसभर आत-बाहेर करतात. आपल्या गल्लीत मूल नसलेलं घर दाखवा.

खानापूरची ताई
किमतीचं मी सांगते. मी गिऱ्हाइकाला हातात शेड देते, दिवा लावून दाखवते, शिसं नाही हेही सांगते. लहान मूल असलेले लोक तेवढ्यासाठी जास्त पैसे देतात. सगळे देत नाहीत, काही तसेच परत जातात. त्यांच्यासाठी मी स्वस्त तार आणणार नाही.

उद्यमबागवाला
वाळूची पाटी करून बघतो. 60/40 मात्र अजून सोडत नाही.