दुचाकीला शंभरची मर्यादा हवी का? (ले-आऊटच्या ग्रुपवरून)

बंडू (प्लॉट ११): सर्वांना नमस्कार. काल वर्धेहून येताना वेगमर्यादा ओलांडल्याचे चलान माझ्या मोबाइलवर आले असून त्यात वेग ८९ नोंदवला आहे. त्याच वेळी माझ्या उजव्या बाजूने ज्या कारगाड्या सुसाट निघून गेल्या, त्यांना या चौपदरी रस्त्यावर १०० ची मुभा आहे आणि आम्हा दुचाकीवाल्यांना मात्र ८० ची. रस्ता एकच असताना हा दुजाभाव का, याचे उत्तर मला कोणी द्यावे. दुचाकीलाही १०० ची मर्यादा मिळावी असे ज्यांना वाटते, त्यांनी होकाराचा अंगठा (👍) पाठवावा.

पाटीलभाऊ (प्लॉट ९): बंडूभाऊ, टोल आम्ही कारवाले भरतो आणि दुचाकीला तो माफ आहे, हे दुजाभावाचा हिशेब मांडताना आपण सोयीस्करपणे विसरलात.

काकाजी (खजिनदार): फाट्यावरील लुकलुकत्या दिव्याची वर्गणी अद्याप अनेक घरांची बाकी आहे. कृपया लक्ष द्यावे.

गुरुजी (प्लॉट ४): चर्चा मुद्द्यावर राहावी म्हणून सांगतो. केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेत कारसाठी द्रुतगती मार्गावर १२० आणि दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर १००, तर दुचाकीसाठी ८० ही कमाल मर्यादा ठरली. इतर साध्या रस्त्यांवर कारला ७० आणि दुचाकीला ६०. पुढे २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्द ठरवली, कारण रस्ते आणि इंजिने सुधारली म्हणून वेग वाढवावा, हा युक्तिवाद न्यायालयाला पटला नाही. त्याच वर्षी गडकरीसाहेबांनी द्रुतगती मार्गावर १४० असावेत, असे वैयक्तिक मत बोलून दाखवले होते. म्हणजे वरच्या पातळीवरही एकवाक्यता नाही. आपल्या ले-आऊटकडून तिची अपेक्षा कशाला करावी?

बंडू (प्लॉट ११): गुरुजी, आपला आदर राखून लिहितो. चौपदरीवर मालट्रकला जी मर्यादा आहे तीच, म्हणजे ८०, दुचाकीला आहे. याचा अर्थ असा की कायदा पाळणाऱ्या दुचाकीस्वाराने सरकी भरलेल्या ट्रकच्या मागे त्याचा धूर खात जावे, नाहीतर त्याच्या चाकांना चाके लावून चालावे, कारण त्याला ओलांडून पुढे निघण्यापुरताही जास्तीचा वेग त्याला दिलेला नाही. ट्रक शेजारून जाताना वाऱ्याचा जो झोत गाडीला आधी बाहेर ढकलतो आणि मग आत ओढतो, तो कारमध्ये काचा लावून बसलेल्यांना कळणार नाही. मी हौसेसाठी १०० मागत नाही, ट्रकपासून सुटण्यासाठी मागतो.

पाटीलभाऊ (प्लॉट ९): हौस नसती तर त्या गाडीला असा सायलेन्सर बसवला नसता. रात्री साडेअकराला आपण फाट्यावरून वळलात की आमच्या घरातील भांडी वाजतात.

बंडू (प्लॉट ११): आणि कापसाच्या हंगामात आपली ट्रॉली मागे एकही रिफ्लेक्टर नसताना त्याच फाट्यावर अंधारात उभी असते, त्याचे काय? मी सायलेन्सर बदलतो, आपण दहा रुपयांची लाल पट्टी चिकटवा.

काकाजी (खजिनदार): दिवा लागला तर ट्रॉलीही दिसेल. वर्गणी बाकी आहे. बंडूभाऊ, आपला वेग ८९ पर्यंत गेला, पण वर्गणी अजून पहिल्या गिअरमध्येच आहे.

सचिव: कृपया वैयक्तिक टीका टाळावी. 🙏

नर्सताई (प्लॉट ७): मी या ग्रुपवर फारशी लिहीत नाही, पण आज लिहिते. स्कूटीवर माझ्यासोबत साडेतीन वर्षांचा मुलगा असतो. २०२२ मध्ये निघालेल्या नियमानुसार चार वर्षांखालील मूल मागे बसवल्यास त्याला हेल्मेट आणि पट्टा लावून गाडी ४० च्या वर नेता येत नाही. मी तो नियम पाळते. आता विचार करा, मी ४० ने जात आहे, मागून कार १०० ने येत आहे आणि माझ्या डावीकडे थांबलेल्या ट्रकांची रांग आहे. बंडूभाऊंना ट्रकपासून सुटायला १०० हवेत, ते मला कळते. मात्र उद्या सर्वांच्याच मर्यादा वाढल्या, तर माझ्यातला आणि मागच्या गाडीतला फरक आणखी वाढेल आणि माझे ४० काही वाढणार नाहीत. रात्रपाळीला जे रुग्ण येतात, त्यांत दुचाकीवाले किती असतात, हे मला कोणी सांगण्याची गरज नाही.

दूधवाले मामाजी: ताई बरोबर लिहीत आहेत. माझी शंभर सीसीची जुनी गाडी आहे आणि दोन्ही बाजूंना कॅन असतात, त्यामुळे मी पन्नासच्या वर जातच नाही. मला ८० काय आणि १०० काय, दोन्ही सारखेच. मागून येणारा किती वेगात आहे, हाच माझा प्रश्न आहे, कारण आरशात लहान दिसणारी गाडी कॅन सावरेपर्यंत अंगावर आलेली असते.

पाटीलभाऊ (प्लॉट ९): मामाजी, आपण रोज पहाटे उलट्या दिशेने फाट्यापर्यंत येता, तेही या चर्चेत यावे.

दूधवाले मामाजी: येतो, आणि ते चुकीचे आहे हे मला माहीत आहे. पण दुभाजकातील कट इतका दूर आहे की सरळ मार्गाने आलो तर तुमच्या घरी चहाच्या वेळेपर्यंत दूध पोहोचणार नाही. सर्व्हिस रोड फाट्याच्या अलीकडेच संपवला आहे. तो पुढे आणा, मी उलटा येणार नाही.

बंडू (प्लॉट ११): समृद्धी महामार्गावर तर दुचाकीला प्रवेशच नाही. तिथे बंदी, इथे ८०. मग आम्ही जावे कुठून, वावरातून?

गुरुजी (प्लॉट ४): बंडू, तू माझा विद्यार्थी आहेस म्हणून गणित सांगतो. ८० च्या वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे २२ मीटर जाते आणि १०० च्या वेगाने सुमारे २८ मीटर. समोर रोही (नीलगाय) दिसल्यावर हात ब्रेककडे जाईपर्यंतच हा फरक पडतो. त्यापुढे आदळण्याची शक्ती वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणून ८० वरून १०० वर गेल्यास ती दीडपटीहून अधिक होते. कारमधल्या माणसाभोवती पत्रा, पट्टा आणि हवेची पिशवी आहे, तुझ्याभोवती एक हेल्मेट आणि जीन्सची पँट आहे. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे गेली आणि त्यांत जवळपास ४४ टक्के दुचाकीवरची होती. तुझा ट्रकबद्दलचा मुद्दा मात्र खोडता येण्यासारखा नाही, हेही मान्य करतो. त्यावर माझे उत्तर असे की कारची मर्यादा खाली आणावी, म्हणजे सर्वांच्या वेगातील अंतर कमी होईल.

पाटीलभाऊ (प्लॉट ९): म्हणजे नुकसान शेवटी कारवाल्याचेच! नागपूरला दवाखान्यात न्यायची वेळ आली की सर्वांना माझीच कार आठवते, आणि तेव्हा मात्र कोणी म्हणत नाही की पाटीलभाऊ, हळू चालवा.

नर्सताई (प्लॉट ७): भाऊ, तुमचे उपकार कोणी विसरलेले नाही. संपूर्ण रस्त्यावर कोणी हळू जा म्हणत नाही, फक्त फाट्यापाशी म्हणतो.

काकाजी (खजिनदार): त्याच फाट्यावरील दिव्याची वर्गणी…

बंडू (प्लॉट ११): काकाजी, आत्ताच फोनवरून पाठवली. आता तरी थांबा.

सचिव: सर्वांचे मत वाचले. या रस्त्याबाबत सरकारला द्यायच्या आपल्या अर्जात पुढील मजकूर टाकत आहे: “फाट्याच्या दोन्ही बाजूंना वाहनांची मर्यादा कमी करून तसे फलक लावावेत, रस्त्यावर रंबलर पट्ट्या आखाव्यात आणि सर्व्हिस रोड फाट्यापर्यंत वाढवावा, जेणेकरून दुचाकीस्वारांना उलट दिशेने यावे लागणार नाही.” दुचाकीच्या १०० च्या मर्यादेचा उल्लेख केलेला नाही.

बंडू (प्लॉट ११): तो उल्लेख नसेल तर मी वेगळ्या कागदावर वेगळा अर्ज देईन. यावर मात्र सही करतो, कारण यातील मागण्या मला मान्य आहेत.

पाटीलभाऊ (प्लॉट ९): “मर्यादा कमी करून” याच्या जागी “योग्य ती करून” असे लिहिल्यास माझीही सही घ्या.

नर्सताई (प्लॉट ७): “योग्य ती” लिहिले तर ते १०० च ठेवतील. कमी करा असेच लिहा, सचिवसाहेब, आणि आकडाही टाका.

दूधवाले मामाजी: माझी सही उद्या दूध घालायला येईन तेव्हा घ्यावी.