मदत हवी आहे: आईचं पोट शिगम्यापासून बिघडलंय, मूळव्याध समजून थांबावं की कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी) करावी? (गोवा)

नमस्कार मंडळी,

आमच्या घरात परसाकडचं कुणी कुणाशी बोलत नाही, आणि त्यात बराच वेळ गेला. म्हणून इथे सगळं मोकळेपणाने लिहिते.

आई ६१ वर्षांची, सत्तरी तालुक्यात वाळपईजवळच्या गावी राहते. मी फोंड्याला. आईचं पोट म्हणजे घड्याळ. उठली, अंगण झाडलं, कोरा चहा घेतला की जाऊन यायची. चाळीस वर्षांत यात कधी खंड पडल्याचं मला आठवत नाही. आता तीन-तीन दिवस काही होत नाही, मग एके दिवशी चार-पाच वेळा पातळ. जाऊन आली तरी पोट साफ झाल्यासारखं वाटत नाही म्हणते. खाणं तेच आहे: सकाळी उकड्या तांदळाची पेज, दुपारी हुमण-भात, कधी आळसांद्यांचं तोंडाक.

गावाजवळच्या एका दवाखान्यात मूळव्याध सांगून मलम आणि चूर्ण दिलं. तपासलं नाही, फक्त विचारलं. महिनाभर तेच चाललं. मग धाप लागायला लागली म्हणून रक्त तपासलं, तर हिमोग्लोबिन ८.६. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. तेव्हापासून शौच काळी होते आणि ‘हे सगळं त्या गोळ्यांमुळेच’ असं आईने ठरवून टाकलं. मलाही ते पटलं होतं.

गेल्या रविवारी गावी गेले होते. आई स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर पेन्सिलीने सगळं टिपते: दूध किती, गॅस कधी लागला, कुणाचं देणं. सहज मागची पानं उलटली. ‘रक्ताच्या गोळ्या सुरू’ हे ९ मेच्या चौकोनात आहे. पण ‘इसबगोल आणले’ हे मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, शिगम्याच्या दोन दिवस आधी. एप्रिलमध्ये परत दोनदा. म्हणजे पोट गोळ्यांच्या कितीतरी आधी बिघडलं होतं! तिथेच उभी राहिले मी. मग तिला परसात नेऊन हळूच विचारलं, तेव्हा म्हणाली, ‘कधीतरी लालसर दिसतं, उष्णता असेल.’ वजनही उतरलंय. जुन्या ब्लाऊजना दोन्ही बाजूंनी टीप घालून घेतली आहे.

आणखी थोडी माहिती: रक्तदाबाची गोळी सहा वर्षांपासून तीच आहे. साखर नाही, थायरॉईडची तपासणी ठीक. पाळी जाऊन बारा वर्षं झाली. माझ्या मामाला, म्हणजे तिच्या सख्ख्या भावाला, ५८व्या वर्षी मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला होता. आईच्या मनात तेच आहे, हे तिने न सांगताही मला कळतं.

विचारायचं हे की आधी फक्त शौचातलं रक्त तपासून पाहिलं तर चालेल का? ती त्याला तयार आहे, दुर्बिणीला नाही. आणि दुर्बीण करायचीच तर पोट साफ करायचं औषध घेऊन रात्रभर जावं लागतं म्हणे. आमचा संडास अंगणापलीकडे आहे, या पावसात ती रात्री दहा वेळा कशी जाणार?

प्रतिसाद १

ताई, मी डॉक्टर आहे, पण आईंना तपासलेलं नाही हे लक्षात ठेवून वाचा.

दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, यातलं काहीही नॉर्मल असू शकतं. त्यामुळे आकड्यापेक्षा ज्याची-त्याची सवय बदलली का, हे आम्ही बघतो. तुमच्या आईंची बदललीय आणि ती चार महिने तशीच आहे. गोळ्यांचंही तुम्ही बरोबर ओळखलंत. लोहामुळे शौच काळी होते, बद्धकोष्ठही होतं, पण ते गोळी सुरू झाल्यावर. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही मलावरोध होतो, मात्र सहा वर्षं चाललेली गोळी अचानक मार्चमध्ये त्रास देईल असं वाटत नाही.

मला सगळ्यात खटकतंय ते हिमोग्लोबिन. पाळी थांबलेल्या बाईच्या अंगातलं लोह कमी झालं तर ते कुठून जातंय हे शोधावं लागतं, आणि बहुतेकदा पोटाच्या मार्गातच शोधावं लागतं. गोळ्यांनी आकडा वर येईल, गळती तशीच राहील. वजन उतरणं, लालसर दिसणं, सख्ख्या भावाचा इतिहास, हे सगळं धरलं तर शौचाच्या तपासणीवर थांबू नका. ती काही त्रास नसलेल्या लोकांना चाळण्यासाठी चांगली. इथे ती निगेटिव्ह आली तर सगळे निर्धास्त होतील, आणि तोच धोका आहे. मूळव्याध असेलही, पण तिच्यामागे दुसरं काही नाही हे बघितल्याशिवाय म्हणता येत नाही. कॅन्सरच असेल असं मी अजिबात म्हणत नाही. पॉलिप (आतड्याच्या आतल्या बाजूला आलेला छोटा कोंब) असतो, आतड्याची सूज असते, पॉलिप असेल तर बहुधा त्याच वेळी काढताही येतो. कदाचित वरून, जठराचीही दुर्बीण करायला सांगतील, घाबरू नका.

बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) दाखवा. सगळे रिपोर्ट, चालू गोळ्यांची पाकिटं आणि गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड असेल तर तेही बरोबर न्या. ती दिनदर्शिकाही न्या, खरंच.

मधल्या दिवसांत रक्त जास्त पडलं, डांबरासारखी चिकट काळी शौच झाली, चक्कर आली किंवा पोट फुगून वारासुद्धा सरेना, तर तारखेची वाट न बघता थेट कॅज्युअल्टीत जा.

प्रतिसाद २

माझ्या सासूबाईंची कोलोनोस्कोपी झाली आहे, म्हणून तयारीचं सांगते. लोहाची गोळी साधारण आठवडाभर आधी बंद करायला सांगतात, नाहीतर आत काळं चिकटून राहतं आणि नीट दिसत नाही. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर आधीच सांगा, स्वतःहून बंद करू नका. शेवटचे दोन-तीन दिवस भाजीपाला, कडधान्यं, पेरूसारखी बियांची फळं, पोयी (कोंड्याचा पाव), इसबगोल बंद. पांढरा मऊ भात चालतो. आदल्या दिवशी फक्त पातळ: पेजेचं गाळलेलं पाणी, शहाळं, लिंबूपाणी, बिनदुधाचा चहा. सोलकढी आणि कोकम सरबत मात्र नको! लाल रंग आत रक्तासारखा दिसतो. आम्ही नेमकं तेच द्यायला निघालो होतो.

औषध बहुधा दोन लिटर पाण्यात असतं, अर्धं आदल्या संध्याकाळी, अर्धं पहाटे. थंड करून, सावकाश पेला-पेला दिलं की उलटी येत नाही. सत्तरीहून पहाटे बसने येणं तेवढं टाळा. पणजीकडे कुणी नातेवाईक असेल तर आदल्या दिवशीच त्यांच्याकडे जा, संडास घरात असेल असं बघा. गुंगीचं इंजेक्शन देतात, त्यामुळे परत जाताना कुणीतरी बरोबर हवंच.

धागा काढणारीचं उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. डॉक्टरांचं लिहिलेलं मी आईला मोठ्याने वाचून दाखवलं. ‘गळती तशीच राहील’ या वाक्याशी तिने मला थांबवलं आणि परत वाचायला लावलं. मग बराच वेळ नारळ खवत बसली. रात्री जेवताना म्हणाली, ‘दादाने उशीर केला होता.’ मामाबद्दल ती पहिल्यांदाच इतकं बोलली.

काल बांबोळीला जाऊन आलो. बोटाने तपासलं, मूळव्याध किरकोळ आहे म्हणाले, एवढ्याने हिमोग्लोबिन इतकं खाली जाणार नाही. पुढच्या गुरुवारची तारीख मिळाली, वरून आणि खालून दोन्हीकडून बघणार आहेत. बुधवारी दुपारीच सांताक्रूझला आत्याकडे जातोय, तिच्याकडे खोलीला लागूनच संडास आहे. लोहाची गोळी आजपासून बंद करायला सांगितली आहे. आईने स्वतःच दिनदर्शिकेवर आजच्या चौकोनात लिहिलं, ‘गोळी बंद’, आणि गुरुवारच्या चौकोनाभोवती गोल काढला.

रिपोर्ट आला की इथेच लिहिते.