पॅराग्वेला निघालेल्या तरुण मिशनरीचा दिवस कसा असतो?

वसईची_थोरली

माझा धाकटा भाऊ सेमिनरीत शिकतो आहे. अंतिम व्रते घेण्यापूर्वी दोन-तीन वर्षे परदेशातील मिशनमध्ये राहून येण्याची त्याच्या संस्थेत पद्धत आहे आणि त्यासाठी त्याच्या वाट्याला पॅराग्वे आला आहे. घरात आनंद आहे, तशी काळजीही आहे. वसईतून मिशनला जाणे आमच्यासाठी नवे नाही. संत गोन्सालो गार्सिया मनिलाला स्पॅनिश फ्रान्सिस्कनांमध्ये सामील झाले, त्यांचे दुभाषे म्हणून जपानला गेले आणि 1597 मध्ये नागासाकीला हुतात्मा झाले, हे दर फेब्रुवारीत त्यांच्या सणाच्या प्रवचनात आम्ही ऐकतो. मात्र ते सकाळी उठून काय करत, जेवत काय, त्यांचे कपडे कोण धूत असे, हे कोणीच सांगत नाही, आणि आईचे प्रश्न नेमके तेवढेच आहेत.

माझा स्वतःचा प्रश्न वेगळा आहे. जो देश आधीपासूनच कॅथलिक आहे, तेथे चोविशीतल्या मुलाला मिशनरी म्हणून पाठवून नेमके काय साधायचे असते? त्या भागात राहिलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

फादर_मोटारसायकलवाले

ताई, मी पॅराग्वेच्या ग्रामीण भागात काही वर्षे होतो. आधी आईंच्या प्रश्नांची उत्तरे देतो.

दिवस फार लवकर सुरू होतो, कारण डिसेंबर-जानेवारीच्या उन्हाळ्यात दुपारी पारा चाळिशीला टेकतो आणि बारानंतर कोणतेही काम धड होत नाही. पहाटे घरातील सगळे व्रतस्थ एकत्र प्रार्थना करतात, नंतर गरम माते (येर्बा या झाडाच्या वाळलेल्या पानांचा काढा) आणि पावाची न्याहारी होते, आणि मग सकाळचा वेळ नव्या माणसाच्या बाबतीत भाषेच्या शिकवणीत, घरभेटींत आणि अंथरुणाला खिळलेल्यांकडे कम्युनियन नेण्यात जातो. बाराच्या आसपास जेवण झाले की सिएस्टा, म्हणजे दुपारची विश्रांती, असते. त्या दोन-तीन तासांत कोणाच्या दारात जाऊन टाळ्या वाजवणे (तिकडे बेलऐवजी फाटकाशी उभे राहून टाळ्या वाजवतात) फारच असभ्यपणाचे मानले जाते. संध्याकाळी पाचनंतर गाव पुन्हा जागे होते. मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग, तरुणांचा गट, गायनाचा सराव आणि मिस्सा असे सगळे अंधार पडेपर्यंत आणि त्यानंतरही चालू राहते.

हा झाला कागदावरचा दिनक्रम. प्रत्यक्षात तुमच्या भावाचा बराचसा वेळ बसण्यात जाईल, आणि ते त्याने काम म्हणूनच करायचे आहे. अंगणात आंब्याखाली (होय, तेथे आंबे घरोघरी आहेत आणि डिसेंबरात त्यांचा रस्त्यावर अक्षरशः सडा पडतो) खुर्च्या गोल मांडलेल्या असतात. घरातील एक जण खलात कुटलेल्या औषधी पाल्याचे बर्फगार पाणी थर्मासमध्ये घेऊन बसतो, बैलाच्या शिंगाच्या पेल्यात भरलेल्या येर्बाच्या चुऱ्यावर ते पाणी ओततो आणि पेला एकेकाच्या हाती देतो. धातूची नळी एकच असते आणि ती सगळ्यांच्या तोंडी लागते. आपली पाळी आली की शेवटचा घोट खुळखुळ वाजेपर्यंत ओढायचा आणि पेला वाढणाऱ्याकडेच परत द्यायचा, शेजाऱ्याकडे नव्हे. आभार मानले की आपल्याला आणखी नको, असा त्याचा अर्थ होतो आणि पुढच्या फेरीत आपल्याला वगळले जाते. हे तेरेरे. याच्या परंपरेला 2020 मध्ये युनेस्कोच्या यादीत स्थान मिळाले. नव्या मिशनरीची खरी परीक्षा या वर्तुळात होते, कारण कोणाच्या घरी आजारपण आहे, कोणाचा मुलगा कामासाठी ब्युनोस आयर्सला गेला आणि पैसे पाठवत नाही, कोणत्या दोन कुटुंबांत बोलणे बंद आहे, हे धर्मग्रामाच्या कार्यालयात कधीच कळत नाही.

शनिवार-रविवार मात्र धावपळीचे असतात. एका धर्मग्रामाला वीस-तीस वाड्यांवरील चॅपले जोडलेली असतात आणि धर्मगुरू एक-दोनच, त्यामुळे प्रत्येक चॅपलला महिन्यातून एकदा मिस्सा मिळाली तरी लोक समाधान मानतात. उरलेल्या रविवारी शब्दविधी (मिस्सेऐवजी बायबलवाचन आणि प्रार्थना) आणि प्रवचन बहुधा तुमच्या भावासारख्या ब्रदरांच्या किंवा गावातील एखाद्या जाणत्या बाईंच्या वाट्याला येते. प्रवास मोटारसायकलने, लाल मातीच्या रस्त्याने करावा लागतो. पाऊस पडला की ती माती साबणासारखी घसरते, आणि मग कार्यक्रम रद्द झाला हे कोणाला कळवावेही लागत नाही, कारण कोणी येणारच नसते.

भाषेबाबत एक आग्रहाची सूचना करतो. स्पॅनिश शाळेत आणि कचेरीत चालते, पण गावात जिव्हाळा, थट्टा आणि भांडण हे सगळे ग्वारानी या तेथील मूळ आदिवासी भाषेत होते. 1992 च्या राज्यघटनेने दोन्ही भाषा अधिकृत केल्या आहेत. त्याने पहिल्या दिवसापासून ग्वारानी शिकायला सुरुवात करावी.

सिस्टर_दक्षिणेकडून

फादरांच्या शेवटच्या सूचनेशी मी पूर्ण सहमत नाही. आमच्या मठात भारतातून आलेल्या ज्या मुलींनी दोन्ही भाषा एकदम शिकायला घेतल्या, त्यांच्या तोंडी दोहोंची खिचडी बसली आणि पुढे सुटता सुटेना. गावकरीही तशीच मिश्र बोली बोलतात हे खरे, पण त्यांना दोन्ही टोके ठाऊक असतात. पहिले पाच-सहा महिने स्पॅनिशचे व्याकरण पक्के करावे, तोवर ग्वारानीत फक्त नमस्कार, खुशाली आणि प्रार्थना शिकाव्यात, असे माझे मत आहे. या काळात शिकला-सवरलेला माणूस लहान मुलाएवढेच बोलू शकतो, विनोद सगळ्यांना कळल्यावर तो हसतो, आणि त्याचा जो थकवा येतो तो उन्हाच्या थकव्यापेक्षा मोठा असतो. घरच्यांनी फोनवर त्याला हे बोलू द्यावे.

आता जेवण. भाकरीच्या जागी उकडलेला मांदिओका, म्हणजे कसावा, दोन्ही वेळेला असतो. मक्याचे पीठ, चीज, अंडी आणि कांदा घालून भट्टीत भाजलेल्या जाड वडीला सोपा पाराग्वाया म्हणतात. नावात सूप असले तरी चमचा शोधू नये. खरे सूप हवे असेल तर मक्याच्या आणि चीजच्या गोळ्यांचे वोरी-वोरी मागावे. गोमांस भरपूर, भाज्या कमी, मिरची जवळजवळ नाहीच. तिखटाची सवय असलेल्याला पहिले काही महिने सगळे अळणी लागते, म्हणून थोडा मसाला बरोबर असावा, पण रोज वेगळे शिजवून वेगळे जेवण्याची सवय लावून घेऊ नये. कपडे स्वतःच धुवायचे आहेत. लाल मातीचा डाग पांढऱ्या कापडावरून कधीच पुरता जात नाही, त्यामुळे पांढऱ्या झग्याखेरीज पांढरे काही नेऊ नका.

मला एक गोष्ट फादरांनी सांगायला हवी होती असे वाटते. तेथील लोकधर्म पुष्कळ अंशी बायकांच्या हाती आहे. माणूस गेला की नऊ दिवस घरी जपमाळ होते आणि ती म्हणवून घेणारी रेसादोरा गावातीलच एक वयस्क बाई असते. तिला धर्मगुरूची वाट पाहावी लागत नाही. 3 मे रोजी, क्रुसाच्या दिवशी, लॉरेलच्या फांद्यांनी सजवलेल्या क्रुसावर चिपा नावाच्या चीजच्या पावांच्या माळा टांगतात आणि प्रार्थनेनंतर त्या मुलांना वाटतात. पवित्र आठवड्यात बुधवारी घराघरातील मातीच्या भट्ट्या पेटतात आणि पुढच्या दोन दिवसांच्या चिपा भाजून होतात, कारण शुक्रवारी चूल पेटवायची नसते. या सगळ्यात नव्या ब्रदरने सूचना देण्याच्या फंदात पडू नये. पीठ मळायला हात लावावा, जपमाळेत मागे बसावे, आणि त्या बाईने बोलावले तरच पुढे जावे.

आणखी एक गोष्ट आईंना आवडेल. मुले हात जोडून आईवडील, आजी-आजोबा, धर्ममातापिता यांच्याकडे आशीर्वाद मागतात आणि वडीलधारी माणसे हवेत क्रुसाची खूण करून तो देतात. गोव्यात संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर बेसांव मागतात, त्याच घरचे हे वाटते. धर्मगुरूला ते ‘पाई’ म्हणतात. तुमच्या भावाची दीक्षा व्हायची असली तरी लहान मुले त्यालाही पाईच म्हणतील आणि रस्त्यात थांबवून आशीर्वाद मागतील.

जुने_कागद

मी पॅराग्वेला गेलेलो नाही. मिशनांचा इतिहास हा माझ्या अभ्यासाचा विषय आहे, म्हणून थोरल्या ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहितो.

‘आधीच कॅथलिक असलेल्या देशात मिशनरी कशाला’ हा प्रश्न रास्त आहे. तेथे आज धर्मांतर हा मुद्दा नसून माणसांची टंचाई हा आहे. पूर्वी युरोपातून धर्मगुरू येत, तो ओघ आटला आणि आता भारत, इंडोनेशिया, फिलिपिन्स येथून तरुण जात आहेत. एसव्हीडी (सोसायटी ऑफ द डिव्हाइन वर्ड) ही कॅथलिक मिशनरी संस्था 1875 मध्ये नेदरलँड्समधील स्टाइल येथे स्थापन झाली, 1889 मध्ये तिचे पहिले मिशनरी अर्जेंटिनाला गेले आणि 1932 मध्ये ती इंदूरला आली. इंदूरकडील मुलगा आज ला प्लाता नदीच्या खोऱ्यात कसा पोहोचतो, याचे उत्तर या तीन सनांत आहे. याच संस्थेचे फर्नांडो लुगो आधी इक्वेडोरमध्ये मिशनरी होते, नंतर पॅराग्वेत सान पेद्रोचे बिशप झाले, आणि 2008 मध्ये कोलोरादो पक्षाची सहा दशकांची सत्ता संपवून राष्ट्राध्यक्ष झाले. 2012 मध्ये संसदेने त्यांना पदावरून दूर केले. तेव्हा तेथे झग्याकडे लोक केवळ भक्तीने पाहतात असे समजू नये. भूमिहीन शेतकऱ्यांची बाजू कोण घेतो, हेही पाहतात.

भाषेवरून फादर आणि सिस्टर यांच्यात जो मतभेद दिसतो तो चारशे वर्षांपूर्वीचाच आहे. जेझुइट या कॅथलिक संस्थेच्या मिशनऱ्यांनी 1609 मध्ये सान इग्नासिओ ग्वासू ही ग्वारानी लोकांसाठीची पहिली मिशन-वसाहत उभारली आणि स्पॅनिशऐवजी ग्वारानीतून काम केले. आंतोनिओ रुइस दे मोंतोया यांचा ग्वारानी शब्दसंग्रह 1639 मध्ये माद्रिदला छापला गेला. आपल्या फादर थॉमस स्टीफन्स यांचे कोकणीचे व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर 1640 मध्ये गोव्यातील राशोलला छापले गेले. एक वर्षाच्या अंतराने जगाच्या दोन टोकांना एकाच संस्थेच्या माणसांची ही पुस्तके निघाली. 1767 मध्ये स्पेनच्या राजाने जेझुइटांना हद्दपार केले आणि वसाहती ओस पडल्या (त्रिनिदाद आणि हेसूस येथील अवशेष 1993 पासून जागतिक वारशात आहेत), पण ग्वारानी टिकली. आदिवासी नसलेले बहुसंख्य लोकही ती घरात बोलतात, असे लॅटिन अमेरिकेत दुसरीकडे सहसा आढळत नाही. माझे मत विचाराल तर मी फादरांच्या बाजूचा आहे.

वसईची_थोरली

आपणा सर्वांचे मनापासून आभार. आईला सगळे वाचून दाखवले. आंब्यांचे ऐकून तिला धीर आला, शुक्रवारी चूल न पेटवण्याचे तिला पटले, आणि एका नळीने सगळ्यांनी पिण्याचे मुळीच पटलेले नाही. आता जाण्याच्या तयारीबद्दल दोन शब्द लिहावेत. लसी, कागदपत्रे आणि फोनची वेळ यांबद्दल घरात रोज नवी चर्चा होते.

फादर_मोटारसायकलवाले

आईंना सांगा, नळीची भीती मलाही वाटली होती आणि आठवडाभरात गेली.

पिवळ्या तापाची लस अधिकृत केंद्रात निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी. पॅराग्वेहून सुट्टीवर येताना भारतातील विमानतळावर ते प्रमाणपत्र मागतात, म्हणून ते पासपोर्टजवळच ठेवावे. डेंग्यू आणि चिकुनगुनियाच्या साथी तेथे मोठ्या येतात, त्यामुळे मच्छरदाणी आणि पूर्ण बाह्यांचे सदरे हवेत. जून-जुलैत दक्षिणेकडून थंड वारा सुटतो आणि घरांना गरम करण्याची सोय नसते, म्हणून एक चांगला स्वेटर न्यावा. तिकडे गरम प्रदेश आहे असे म्हणून आपली मुले तो घरी ठेवतात.

व्हिसा दिल्लीच्या दूतावासातून मिळतो. जन्मदाखला आणि पोलिसांचे प्रमाणपत्र येथूनच अपॉस्टिल (परदेशात ग्राह्य धरले जाणारे सरकारी प्रमाणन) करून घ्यावे, कारण निवासाचा परवाना काढताना तेथे ते लागते आणि तिकडून भारतातील कागद मिळवायला महिने जातात. आसुन्सिओनला 2022 पासून आपला दूतावास आहे. त्याआधी लहानसहान कामासाठीही ब्युनोस आयर्सकडे पाहावे लागत असे.

पॅराग्वेने 2024 मध्ये घड्याळे पुढे-मागे करणे बंद केले, त्यामुळे आता वर्षभर तेथील वेळ आपल्यापेक्षा साडेआठ तास मागे असते. त्याच्या सिएस्टाच्या सुरुवातीला, म्हणजे साडेबाराला, वसईत रात्रीचे नऊ वाजलेले असतात. आईंचे जेवण उरकलेले असते आणि तोही मोकळा असतो. रविवारी मात्र त्या वेळी तो एखाद्या वाडीवर चॅपलच्या लोकांबरोबर जेवत असेल, त्यामुळे फोनचा वार सोमवार ठरवावा.