पंचवीस सबग्रुपवर काढलेल्या कंट्रोल लिमिट गोठवायच्या का?

मायक्रॉन (धागाकर्ता):
नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या आमच्या मशीन शॉपमध्ये हा वाद रोजचाच झालाय, म्हणून इथे टाकतोय. नवीन पार्ट आला की पाच-पाच नगांचे २५ गट (सबग्रुप) मोजायचे, त्यावरून एक्सबार-आर चार्टच्या (प्रत्येक गटाची सरासरी आणि रेंज दाखवणारा आलेख) कंट्रोल लिमिट, म्हणजे ज्यांच्या बाहेर टिंब गेलं की अलार्म धरतात त्या रेषा काढायच्या, चार्ट लॅमिनेट करून मशीनला टांगायचा. त्यानंतर त्या लिमिटना कुणी हात लावत नाही. माझ्या मते हे साफ चूक आहे.

उदाहरणार्थ, एका बुशचा बोअर (आतलं भोक). सरासरी रेंज (गटातल्या सगळ्यात मोठ्या आणि लहान मापातला फरक) आली ९.३ मायक्रॉन. पाचच्या गटासाठी ठरलेल्या २.३२६ ने भागलं की सिग्मा, म्हणजे मापं किती पसरतात त्याचा आकडा, ४. लिमिट मध्यरेषेच्या वर-खाली तीन सिग्मावर; पाच नगांच्या सरासरीसाठी ते ५.४ मायक्रॉन. पुस्तक सांगतं की प्रोसेस जागेवर असेल तर सरासरी ३७० सबग्रुपांमागे एक खोटा अलार्म. तासाला एक सबग्रुप आणि तीन शिफ्ट धरा, म्हणजे साधारण पंधरा दिवसांतून एकदा. पण हे ३७० खरा सिग्मा माहीत असेल तरच. आपल्याकडे असतो तो अंदाज, आणि २५ सबग्रुपवरच्या अंदाजाची प्रमाणित चूक (अंदाज सहसा जेवढा चुकतो ती) सात-साडेसात टक्के असते. दहा टक्के इकडेतिकडे झालं तर नवल नाही.

सिग्मा दहा टक्के कमी धरला गेला तर ३७० चे १४४ होतात. दर सहा दिवसांनी मशीन उगाच थांबवा! दहा टक्के जास्त धरला गेला तर आकडा हजाराच्या वर, चार्ट दीड महिना गप्प. मध्यरेषेच्या अंदाजातली चूक तर मी अजून धरलेलीच नाही. शेजारी-शेजारी दोन मशीन, ड्रॉइंग एक, इन्सर्ट (टूलची कापणारी पात) एक; एकीचा चार्ट सारखा ओरडतो, दुसरीचा कधीच नाही, आणि बोलणी खातो ऑपरेटर.

निदान १०० सबग्रुप होईपर्यंत लिमिटवर ‘तात्पुरत्या’ असं लिहा, एवढंच मागणं आहे.

जुना_फिटर:
अहो मायक्रॉनराव, हिशेब बरोबर आहे, पण कशाचा हिशेब मांडताय ते बघा. शूहार्टने १९२४ मध्ये बेल समूहातल्या वेस्टर्न इलेक्ट्रिकमध्ये पहिला कंट्रोल चार्ट काढला. पुढे तीन सिग्मा ठेवला तो ३७० च्या गणितावरून नव्हे. कारण शोधायला जाण्याचा खर्च आणि न जाण्याचा तोटा, या दोन्हींत तो आकडा कामाला पुरतो म्हणून. तुमचं ३७० नॉर्मल वितरण (मापं घंटेच्या आकारात पसरलेली) धरून येतं, आणि आमचा बोअर नॉर्मल कधी होता? इन्सर्ट झिजतो तसा बोअर लहान होत जातो, ऑपरेटर ऑफसेट देतो (टूल थोडं सरकवतो), पुन्हा वर येतो. करवतीच्या दातासारखा आलेख. त्यात सात टक्क्यांची चूक कुठे शोधणार?

खरी गोम वेगळीच आहे. पंचवीस सबग्रुप घेतात कधी? ऑडिट तोंडावर आलं की. नवा इन्सर्ट, एकाच लॉटचा बार, सगळ्यात चांगला ऑपरेटर, सकाळची शिफ्ट. रविवारी पहाटे द्वारका चौकात उभं राहून नाशिकची ट्रॅफिक मोजण्यातला प्रकार. असे १०० घ्या नाहीतर १०००, लिमिट चुकीच्याच निघणार.

आकडेमोड_ताई:
मी संख्याशास्त्र शिकवते, म्हणून थोडी भर. काका, सात टक्के शोधायचे नसतातच. ते लिमिटमध्ये बसलेले असतात आणि तो चार्ट चालू असेपर्यंत तसेच राहतात. इतर चूक मोठी आहे म्हणून ही चूक नाही, असं होत नाही.

संख्याशास्त्रज्ञ क्वेसेनबेरी यांनी १९९३ मध्ये लिमिटसाठी किती सबग्रुप हवेत याचा ठोकताळा दिला होता: ४०० भागिले सबग्रुपमधल्या नगांपेक्षा एक कमी. पाचच्या सबग्रुपला हे १०० येतं, म्हणजे मायक्रॉन यांचाच आकडा. एकेक नग मोजायचा असेल तर त्यांनी किमान ३०० वाचनं सांगितली. पण तो विचार सगळ्या कारखान्यांच्या सरासरीचा होता, आणि तुमच्या मशीनला टांगलेला चार्ट एकच असतो, तो सरासरी चार्ट नसतो. २०१५ च्या सुमारास सालेह, वुडॉल आणि सहकाऱ्यांनी नेमकं हेच तपासलं. प्रत्येकाच्या हातात पडणारा चार्ट ३७० च्या आसपास राहायला हवा असेल, तर शंभरानेही भागत नाही. कारखान्यात सहसा जमत नाही एवढा डेटा लागतो.

त्यामुळे दुसरा मार्ग निघाला. डेटा आहे तेवढाच ठेवा आणि लिमिट थोड्या रुंद करा. किती, ते बूटस्ट्रॅपने ठरवा, म्हणजे हातातल्या डेटातून पुन्हापुन्हा नमुने काढून. गँडी आणि क्वालोय यांनी २०१३ मध्ये ही पद्धत मांडली. मग समजा नव्वद टक्के खात्रीने म्हणता येतं की खोटे अलार्म ठरवल्यापेक्षा जास्त वेळा येणार नाहीत.

जुना_फिटर:
ताई, रुंद करा म्हणणं सोपं आहे. बोअरची सरासरी एक सिग्मा सरकली, तर पाचच्या सबग्रुपला तीन सिग्माचा चार्ट सरासरी साडेचार सबग्रुपांत पकडतो. तीनचे ३.३ केले की सात. तासाला एक घेतला तर जवळजवळ अख्खी शिफ्ट गेली. तेवढे नग सॉर्टिंगला बसवायचे कुणी? खोटा अलार्म आला तर बोअर गेज मास्टर रिंगवर झिरो करायचा, इन्सर्टची धार बघायची, दोन नग पुन्हा मोजायचे. दहा मिनिटं. माझ्या पैशाने मी अरुंद लिमिटच घेईन.

आकडेमोड_ताई:
दहा मिनिटं पहिल्या अलार्मला. चौथ्या खोट्या अलार्मनंतर ऑपरेटर येऊन बघतो का, की नुसता टिंब मारून पुढे जातो?

सातपूरची_क्यूए:
टिंब मारून पुढे जातो. कधीकधी टिंबही आत मारतो. :)

तुम्हा दोघांच्या भांडणात कस्टमर राहिला बाजूला. वाहन उद्योगाच्या मॅन्युअलमध्ये साधारण २५ सबग्रुप आणि १०० वाचनं लिहिलीत. ती ‘किमान’ आहेत हे कुणी वाचत नाही. आमच्याकडे एका ऑडिटरने विचारलं होतं, ‘लिमिट बदललीच कशी?’ त्याच्या लेखी बदललेली लिमिट म्हणजे लपवलेलं रिजेक्शन. आणि त्याची भीती अगदीच फोल नाही. अलार्म आला की लिमिट पुन्हा काढणारे लोक मी पाहिलेत. प्रोसेस सरकली तर तिच्या मागोमाग लिमिटही सरकवतात आणि चार्ट कायम हिरवा.

म्हणून मी धाग्याच्या विरोधात. तात्पुरत्या लिमिट हे चांगल्या हातात ठीक, आपल्याकडे ती पळवाट होईल.

सिन्नरवाला:
मोठ्या लॉटवाल्यांचं बरं आहे. आमचा जॉबवर्क, चाळीस-पन्नास नगांचा लॉट. सबग्रुप कुठला, एकेक नग मोजतो आणि मूव्हिंग रेंज (लागोपाठच्या दोन नगांतला फरक) घेतो. पंचवीस नगांवर सिग्मा काढला तर?

आकडेमोड_ताई:
तर प्रमाणित चूक अठरा टक्क्यांच्या घरात. सिग्मा वीस टक्के कमी निघाला तर ३७० ऐवजी साठेक नगांत खोटा अलार्म, म्हणजे जवळपास प्रत्येक लॉटला एक. तुमच्यासाठी स्वतःहून सुरू होणारे चार्ट आहेत: प्रत्येक नवा नग आधीच्या सगळ्या नगांच्या अंदाजाशी तपासायचा आणि मग त्यात मिळवायचा. क्वेसेनबेरी यांचेच १९९१ चे क्यू-चार्ट त्यातले. धोका एकच, पण मोठा. सेटिंग सुरुवातीलाच सरकलं आणि पटकन पकडलं गेलं नाही, तर सरकलेले नग अंदाजात मुरतात आणि चार्टला तेच नॉर्मल वाटू लागतं. पहिले नग डोळ्यात तेल घालून बघा.

मायक्रॉन:
क्यूए मॅडम, पळवाट बंद करता येते. लिमिट कधी काढायच्या ते आधीच कंट्रोल प्लॅनमध्ये लिहा: २५ वर, ५० वर, १०० वर, मग गोठल्या. अलार्मनंतर हात लावायचा नाही. एखादा सबग्रुप गाळायचा तर कारण सापडलेलं आणि लिहिलेलं हवं. ऑडिटरला तारखा दाखवा.

आणि काका, शंभर म्हणजे फार नाही हो. तासाला एक धरला तर चार दिवस.

जुना_फिटर:
तिथेच तर फसताय! चार दिवसांत बारचा लॉट बदलत नाही, रात्रपाळीचा दुसरा ऑपरेटर येत नाही. शंभरच हवेत ना? मग शिफ्टला एक घ्या आणि महिनाभर पसरा. त्यात झिजलेला इन्सर्टही येऊ द्या, सोमवारचं थंड मशीनही येऊ द्या.

मायक्रॉन:
आणि तो महिनाभर मशीनवर कुठला चार्ट लावू?

जुना_फिटर:
पंचवीसवालाच. वर पेन्सिलीने ‘तात्पुरता’ लिही.

सातपूरची_क्यूए:
पेन्सिल ऑडिटला चालत नाही, काका. पेनाने लिहा, खाली तारीख आणि सही. १०० चा हिशेब कुणी करायचा तेही नावानिशी लिहा, नाहीतर तो महिना वर्षभर चालेल.