ट्रकच्या सायलेन्सरचा आवाज: गोव्यातल्या गाडीवाल्यांनो, तुमचे अनुभव लिहा

खाणी जोरात होत्या तेव्हा डिचोली, साखळी, उसगाव पट्ट्यातली पोरं घरात बसून सांगायची, कुणाची गाडी चढ चढतेय. टाटा १२१० चा आवाज निराळा, लेलँडचा निराळा. २०१२ त खाणबंदीने गाड्या उभ्या राहिल्या, मध्ये थोड्या हलल्या, २०१८ च्या मार्चमध्ये परत उभ्या. आता खाणींचे काही ब्लॉक सुरू झालेत, पण बीएस ६ (धुराच्या नव्या मानकाची) गाडी शेजारून गेली तरी टायरचाच आवाज जास्त येतो.

आवाजासाठी पाईप, सायलेन्सर बदललेल्यांनी लिहा. काय केलंत, किती टिकलं, घरचे आणि शेजारी काय बोलले. सायलेन्सर काढून फेकून दिलेल्यांनीही लिहावं, मात्र प्रश्न विचारले जातील ही तयारी ठेवा.

उसगावहून, पूर्वीचे टिपरमालक

माझी १२१० होती. सहा सिलिंडर, टर्बो (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा) नाही. अशा इंजिनाचा धक्का सरळ पाईपमध्ये उतरतो, म्हणून त्या गाडीला गळा होता. मूळ सायलेन्सर आतून कुजला, पडदे सुटून खडखडायला लागले, तेव्हा तिस्कच्या वेल्डरकडून नवा बनवून घेतला. आत भोकं पाडलेला सरळ पाईप, बाहेर मोठा डबा, मधल्या पोकळीत ग्लासवूल. वेल्डर हुशार माणूस. ग्लासवूल थेट पाईपवर गुंडाळलं तर धुराच्या जोराने भोकांतून उडून जातं, म्हणून त्याने आधी तारेची जाड घासणी गुंडाळली, मग वूल. पहिल्या दिवशी आवाज इतका भरदार की क्लीनर खाली उतरून मागे उभा राहून ऐकत होता!

पण काजळी धरून वूल बसत जातं. मग तोच आवाज भसाडा होतो. डबा कापून परत भरायचा आणि परत वेल्ड करायचा, हा खर्च कोणी आधी सांगत नाही.

फोंड्याहून, गॅरेजवाला

वरच्या काकांचं बरोबर आहे, पण ते टर्बो नसलेल्या गाडीचं. टाटा १६१३ टीसी या टर्बोवाल्या गाडीपासून पुढे धुराची ताकद टर्बोचं चाक फिरवण्यात जाते. धक्के तिथेच बोथट होतात. अशा गाडीचा सायलेन्सर काढला तर जुना खर्ज येत नाही, टर्बोची शिट्टी आणि फुरफुर येते. पात्रांव (मालक) मंडळींना हे पटवताना माझा घसा बसतो.

आवाजासाठी गाडी आली की मी आधी थंड इंजिन सुरू करतो. मॅनिफोल्डची, म्हणजे सिलिंडरांचा धूर एकत्र आणणाऱ्या नळाची, गॅस्केट गेली असेल तर टिक-टिक-टिक असा बारीक आवाज येतो आणि लोखंड तापून फुगलं की बंद होतो. त्यामुळे दुपारी गाडी आणणाऱ्याला तो कधी ऐकूच येत नाही. टर्बोच्या आधी गळती असेल तर ताकद कमी, धूर काळा, आणि मालक म्हणतो ‘आवाज फाटलाय, पाईप बदल’. पाईप कशाला? गॅस्केट बदला, फ्लँजचे बोल्ट बघा. गाडी सुधारते, आवाजही आपोआप गोळीबंद होतो.

दुसरं म्हणजे टर्बो आणि सायलेन्सर यांच्यामध्ये जो लवचीक तुकडा असतो, ज्याला आपण फ्लेक्सिबल म्हणतो, तो काढून सरळ पाईप वेल्ड करू नका. इंजिन हलतं, चासी वेगळी हलते. मध्ये लवचीक काही नसेल तर सगळा ताण टर्बोच्या फ्लँजवर येतो आणि तडा जातो. पाईपचं तोंड फिरवतानाही बघा, जवळून ब्रेकच्या हवेचे नायलॉन पाईप गेलेले असतात. गरम पाईपने नायलॉन मऊ झालं की घाटात काय होईल ते वेगळं सांगायला नको.

मोलेहून, लांब पल्ल्याचा ड्रायव्हर

अनमोड घाटाच्या उतारावर एक्झॉस्ट ब्रेक म्हणजे आमचा जीव. पाईपमधली झडप मिटते, धूर अडतो, इंजिन गाडीला मागे धरतं. झडपेच्या आधी कुठे भोक असेल तर ब्रेक ढिला पडतो. झडपेनंतर मोकळा पाईप असेल तर प्रत्येक वेळी फुस्स-भॉक असा आवाज होतो, मागचा दुचाकीवाला दचकतो. मला तो आवाज आवडायचा. आता मूळ सायलेन्सर आहे.

वेर्ण्याहून, बीएस ६ गाडीवाला

एकाने मला सांगितलं, मधला मोठा डबा काढून टाक, गाडी मोकळी होईल. तो डबा म्हणजे नुसता सायलेन्सर नाही. काजळी धरणारा फिल्टर त्यात, युरियाचा फवारा तिथेच, सेन्सर त्यालाच. सेन्सरला गडबड कळली की आधी दिवा लागतो आणि मग इंजिन स्वतःच ताकद उतरवतं. भरलेली गाडी चढावर रांगत नेण्यापेक्षा मी फक्त डब्यानंतरचा शेवटचा तुकडा बदलला. आवाजात फरक? खरं सांगायचं तर मला आणि क्लीनरलाच कळतो.

(धागा काढणाऱ्याकडून: इतका प्रामाणिक प्रतिसाद क्वचित येतो. डबा काढलेले बरेच जण इथे वाचतायत, ते गप्प का?)

पाळीहून, ट्रकवाल्याची बायको

सगळे गाडीच्या मागे उभं राहून ऐकताय, मी उशीवरून ऐकते. आमच्या ह्यांनी पाईप मोकळा करून घेतला आणि पहाटे चारला गाडी काढायचे. लोकांना वाटतं, सुरू केली आणि निघाली. तसं नसतं. एअर ब्रेकची गाडी हवेची टाकी भरेपर्यंत जागेवरच धडधडत उभी असते. रात्रभरात थोडी हवा गळलेली असेल तर आणखी वेळ. तेवढ्यात सासूबाई जाग्या, कुत्री जागी, शेजारची बाळंतीण जागी. दोन घरं पलीकडच्या वहिनी एकदा हसत म्हणाल्या, आम्हाला आता गजर लावावा लागत नाही. त्या हसण्यातलं काय ते मला कळलं.

भांडण केलं नाही. गाडी मुख्य रस्त्यावर लावा, एवढंच म्हटलं. आता हे टॉर्च घेऊन तिथपर्यंत चालत जातात. पाईप तसाच आहे, आणि चढावर गाडी आली की धाकटा अजूनही ‘बाबा आले’ म्हणून ओरडतो. ते मलाही आवडतं, खोटं कशाला बोलू.

कुटबणहून, मासळीची गाडी

आमच्याकडे आवाजाचा प्रश्न गंजापासून सुरू होतो. मासळीच्या पेट्यांतून खारं पाणी ठिबकतं, खाली सायलेन्सर, वर पावसाळा. साध्या लोखंडाचा पाईप जोडापाशी आधी चाळण होतो. एसएस ३०४ चा (स्टेनलेस स्टीलचा) घातला, महाग पडला पण टिकला. एक धोका सांगतो: जस्ताचा मुलामा असलेला पाण्याचा पाईप कापून लावणारे आहेत. त्यावर वेल्डिंग केलं की पांढरा धूर निघतो, तो छातीत गेला की रात्री हुडहुडी भरते.

पेडण्याहून, वाहतूकदार

कायद्याचं कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. केंद्रीय मोटार वाहन नियम १२० प्रमाणे गाडीला सायलेन्सर पाहिजेच. आवाजाचं किंवा धुराचं मानक मोडलं तर मोटार वाहन कायद्याचं कलम १९०(२), पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, शिवाय लायसन्स तीन महिने बाद. गाडी चालवणारा तर अडकतोच, चालवू देणाराही अडकतो, म्हणजे ड्रायव्हरवर ढकलून मालक सुटत नाही. पीयूसी आहे म्हणून निर्धास्त राहू नका, डिझेल गाडीच्या पीयूसीत धूर मोजतात, आवाज नाही.

डिचोलीहून

शिगम्याच्या चित्ररथाला आमची गाडी असते. मुंगीच्या पावलाने चालायचं, आजूबाजूला रोमटामेळ (ढोल-ताशांवर नाचत जाणारे मेळ), लहान मुलं. पाईपचं तोंड उजवीकडे, नेमकं बघ्यांच्या पायांवर. शेवटी एक वाकडा तुकडा क्लँपने लावून तोंड खाली वळवलं, मिरवणूक संपली की काढतो. फोंडेवाल्या दादांना विचारायचंय, हा तुकडा कायम ठेवला तर चालेल का? आवाज जरा दबतो, पण घोगरा छान येतो.

फोंड्याहून, गॅरेजवाला

ठेव, पण व्यास मूळ पाईपपेक्षा कमी नको. अरुंद तोंडाने धूर आत तुंबतो, व्हॉल्व्ह आणि टर्बो तापतात. आणि तोंड सरळ जमिनीकडे नको, मातीच्या रस्त्यावर धुळीचा लोट उठेल. तिरकं मागे वळव. गाडी थंड असताना आण, गॅस्केटही ऐकून घेतो.